गवतांच्या दोन प्रती

निवृत्तीनंतर मी दोन गोष्टी शिकले: कॅमेरा हाताळणे आणि संगणक चालवणे. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले, तरी गवतांकडे मी कधी थांबून पाहिले नव्हते. आता पावसाळा सरताना पारनेरच्या माळांवर गुडघे टेकून बसू लागले, आणि पवन्या, मारवेल, कुसळी यांचे तुरे भिंगातून पाहताना श्वास अडकू लागला. इतके देखणे काही इतकी वर्षे पायाखाली होते! त्यांतल्या काही माळांवर पुढच्या खेपेस गेले, तर प्लॉटचे दगड रोवलेले. तिथली गवते आता केवळ माझ्या लॅपटॉपमध्ये उरली होती.

तेव्हा मी प्रतींची योजना आखली. दोन बाह्य हार्ड डिस्क घ्यायच्या; एक नगरला माझ्या कपाटात, दुसरी श्रीगोंद्याजवळ धाकट्या बहिणीच्या घरी. एका घराला काही झाले, तरी दुसरीकडे चित्रे सुखरूप. दुकानात काय मागायचे ते वाक्य मनाशी घोकत गेले आणि डिस्क घेऊन आले. लॅपटॉपच्या पडद्यावर ‘गवते’ नावाची पिवळी खूण होती, ती मी कुणालाही न विचारता दोन्ही डिस्कवर उतरवली. क्षणात काम झाले. नवे यंत्र किती चपळ, असे वाटले. लगेच उघडूनही पाहिली. सगळी चित्रे दिसली. कुणापुढे अज्ञान उघडे करावे लागले नाही, याचाच आनंद मला अधिक झाला.

पुढे लॅपटॉप फार मंदावला. बहिणीकडे दुसरी डिस्क पोचवायला निघाले, त्याच सकाळी तो वाटेत दुरुस्तीच्या दुकानात दिला.

“काकू, सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल,” दुकानदार म्हणाले. “बॅकअप आहे ना?”

“दोन आहेत,” मी म्हणाले. इतक्या ठसक्यात मी एरवी बोलत नाही.

बहिणीच्या घराच्या पुढच्या खोलीत तिच्या यजमानांचे दूध संकलन केंद्र आहे. दुपारची वेळ असल्याने तिथला संगणक मोकळा होता. डिस्क धान्याच्या कोठीत कडुलिंबाच्या पाल्याखाली ठेवायची, असे बहिणीने परस्पर ठरवून टाकले होते. मात्र आधी तिला चित्रे पाहायची होती.

“दाखव की ताई तुझं गवत. आमी जन्मभर उपटत आलो, अन् तू पेटीत घालून जपतीस!”

मी हसत डिस्क जोडली आणि पिवळी खूण उघडली. चित्रे आली नाहीत. इंग्रजीत एक सूचना आली: जे मागता आहात ते या जागी नाही. खाली त्या जागेचा पत्ता होता, आणि तो माझ्याच लॅपटॉपमधला होता.

त्या एका ओळीने सारे कळले. मी उतरवली होती ती निव्वळ पाटी. चित्रांकडे जाण्याची दिशा दाखवणारी. खुणेच्या कोपऱ्यातला इवलासा बाण मला नक्षी वाटला होता. माझ्या लॅपटॉपवर ती पाटी मला मूळ चित्रांपाशीच नेत होती, म्हणून ती उघडत होती. दोन्ही डिस्क रिकाम्या होत्या. आणि लॅपटॉप पुसायला दिलेला.

“अगं, पांढरी का पडलीस?” बहीण म्हणाली. लॅपटॉप दुकानात पुसायला दिल्याचे मी दोघांना सांगितले.

“फोन लावा आधी, ताई,” तिचे यजमान म्हणाले. “इचार मागनं करा.”

दुकानात पहिल्यांदा कुणी फोन उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला, तेव्हा मी नावही न सांगता ओरडले, “थांबा! पुसू नका!”

“कोण, काकू का? अहो, लाईटच नाही सकाळपासून. तुमची बॅटरीही उतरलेली. अजून सुरूच केलेला नाही.”

“लाईट आली तरी हात लावू नका!”

“बया!” बहीण हसू लागली. “लाईट गेली म्हणून एवढी खूश झालेली तूच!”

जेवायला न थांबता मी सोबत आणलेली डिस्क पुन्हा पिशवीत टाकून परतीची एसटी धरली. दुकानात पोचले तेव्हा दिवे आले होते आणि माझा लॅपटॉप बाकावर तसाच मिटलेला होता. दुकानदारांनी मूळ चित्रांची जागा शोधली. उतरवण्याचे काम मी स्वतः केले. या वेळी ते क्षणात झाले नाही. हिरवी पट्टी इंचाइंचाने सरकत होती, आणि तिची ती कूर्मगती पाहून मला हर्ष होत होता. खरे ओझे वाहत असल्याशिवाय कुणी इतके सावकाश चालत नाही!

“झालं, काकू. पुसू आता?”

“नाही,” मी म्हणाले. “आधी ही डिस्क तुमच्या त्या दुसऱ्या संगणकाला लावा. माझा लॅपटॉप बंद राहू द्या.”

त्यांनी लावली. पडदा एकदम तांबूस झाला: उतरत्या उन्हातला पवन्याचा माळ, जिथे आता दगड आहेत. प्रत्येक तुऱ्यावरचे केस वेगळे मोजता यावेत इतका स्पष्ट. माझा हात आपोआप तोंडावर गेला.

“उघडलं की! आता खात्री पटली?”

“एकाची पटली,” मी म्हणाले आणि कोपऱ्यातले स्टूल पडद्यासमोर ओढून घेतले. “आता पुढचं उघडा.”