दूधवाल्याकडून शिकलेला चिखल

बावीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवतोय आणि दरवर्षी एकदा फळ्यावर लिहितो, "काळी मृदा ओली झाल्यावर चिकट होते." मुलं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत एका गुणासाठी लिहितात आणि विसरून जातात. मीही विसरलो होतो. मग गेल्या वर्षी भाद्रपदात, कन्नड तालुक्यात बायकोच्या माहेरच्या वाटेवर, त्या एका गुणाच्या वाक्यात मी गाडीसकट आडवा झालो. बायकोसकट, असं म्हणायला हवं खरं तर.

तिच्या गावाला डांबरी रस्ता नाही. एसटी फाट्यावर सोडते आणि तिथून चार किलोमीटर पांदण. दोन्ही बाजूंना मका आणि कपाशी, मध्ये चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या, आणि गाव दिसू लागतं तिथं एक ओढा. उन्हाळ्यात ही वाट इतकी गुळगुळीत असते की तिच्यावर पाठ टेकून झोपावंसं वाटतं. पावसाळ्यात ती आपल्याला झोपवते.

त्या दिवशी मी शहरातल्या क्रांती चौकात चालवतो तशीच गाडी चालवत होतो, म्हणजे दोन्ही पाय खाली लोंबकळत सोडून, जिथं तोल जाईल तिथं टेकवायला तयार. समोरून बायकोचे चुलते आले, डोक्यावर गवताचा भारा. लांबूनच त्यांनी हात वर केला. "जय भीम, जावईबापू!"

आता जावयानं काय करावं? नुसती मान हलवली तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं की शहरातल्या पाव्हण्याची मान ताठ झालीय. डाव्या हातानं जय भीम घालणं शोभत नाही. म्हणून मी उजवा हात उचलला. ज्या हातात गाडीचा जीव असतो, नेमका तोच हात. गाडीनं एक उसासा सोडला, पुढचं चाक चाकोरीत रुतलं, आणि आम्ही दोघं अगदी सावकाश, कुणीतरी अंगावर पांघरूण घालावं तसे, डाव्या बाजूला निजलो.

चुलत्यांनी भारा खाली ठेवला, आम्हाला ओढून काढलं आणि म्हणाले, "जावईबापू, एवढं खाली वाकायची काय गरज नव्हती."

बायको हसली नाही. तिचं मनगट मुरगळलं होतं. उरलेली वाट ती चालत गेली आणि परतताना भावाच्या गाडीवर बसून फाट्यापर्यंत आली. घरी आल्यावर मनगटाला पट्टा बांधता बांधता तिनं निकाल सांगितला. आवाज अजिबात चढलेला नव्हता, हेच वाईट. "डांबर संपलं की मी तुमच्या गाडीवर बसणार नाही."

तेव्हापासून नवरा म्हणून माझी हद्द डांबरापर्यंत ठरली. शहरात ती माझ्यामागं बसायची, मंडईत यायची, लग्नाकार्याला यायची. माहेरी जायचं म्हटलं की फाट्यावर तिचा भाऊ उभा. ती त्याच्यामागं बसून मक्यात दिसेनाशी व्हायची आणि मी फाट्यावरच्या टपरीपाशी गाडी लावून, पायजमा वर खोचून मागनं चालत जायचो. मेहुणा भला माणूस. "दाजी, तुम्हाला नेऊन सोडतो, मग ताईला नेतो," म्हणायचा. त्यानं मला जास्तच लागायचं.

पुण्याला असलेल्या लेकीला मी हे फोनवर सांगितलं. तिनं मला खडकाळ वाटांवर मोटारसायकल चालवायचे व्हिडिओ पाठवले. त्यातली माणसं नदीतून, वाळूतून, दगडधोंड्यांतून उभ्याउभ्या गाडी नेत होती, अंगभर चिलखत घालून. मी मेडिकलमधून गुडघेदुखीचे दोन पट्टे आणले, पँटच्या आत चढवले आणि आरशासमोर उभा राहिलो. युद्धाला निघालेल्या माणसापेक्षा ऑपरेशनहून परतलेला माणूसच जास्त दिसत होता.

खरा गुरू रोज सकाळी माझ्याच दारात येत होता, हे कळायला मला यंदाचा आषाढ लागला. आमचे दूधवाले मामा. वय साठीच्या पुढं. हर्सूल तलावाच्या मागं त्यांची वस्ती. तिथून आमच्या कॉलनीपर्यंत निम्मी वाट चिखलाची. जुनी मोटारसायकल, दोन्ही अंगांना दुधाचे भरलेले कॅन आणि मामांच्या धोतरावर एक शिंतोडा नाही. एका पावसाळी सकाळी पातेलं पुढं करत मी विचारलं, "मामा, चिखलात गाडी कशी हो चालवता?"

त्यांनी माझ्याकडं, मग माझ्या गाडीकडं पाहिलं. "चिखलात गाडी चालवायची नसती सर. तिला जाऊ द्यायचं असतं."

दुसऱ्या दिवसापासून रतीब घालून झाला की मामा तलावाच्या अंगाला माझी शिकवणी घेऊ लागले. शाळा दुपारची, त्यामुळे वेळ होता. घरी मी सांगितलं, चालायला जातो.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या गाडीचं पुढचं मडगार्ड काढायला लावलं. हे मडगार्ड मी दर रविवारी पुसत असे. माझ्या पडण्याची गोष्ट ऐकून घेऊन मामा म्हणाले, "काळी माती हाय ही. चाकाला चिकटती, मडगार्डात भरती, आन् चाक फिरायचं बंद होतंय. तुमी पडले ते काय एकट्या हातामुळं नाय." म्हणजे माझ्या पडण्यालाही भूगोल होता. मला जरा बरं वाटलं. ते त्या आठवड्यापुरतंच, कारण मडगार्डाशिवाय शाळेत जाताना डबक्यातलं सगळं पाणी माझ्या तोंडावर उडायचं आणि मी सातवी ब च्या वर्गात ठिपकेदार चेहऱ्यानं उभा राहायचो.

मग त्यांनी आपले रिकामे कॅन तलावाच्या पाण्यानं भरून माझ्या गाडीला अडकवले. झाकणं लावली नाहीत. दूध नेताना ते कॅनमध्ये कडब्याची पानं टाकतात, म्हणजे दूध हिंदकळत नाही. मी म्हटलं, "मामा, पाण्यात थोडी पानं टाका की."

"पानं आमच्यासारख्या गाडी जमणाऱ्यांसाठी. तुमी आधी सांडा."

मी सांडलं. तलावाच्या कडेच्या बाभळीपर्यंत जाऊन परत येईतो कॅनमध्ये वीतभर पाणी उरलं होतं आणि बाकीचं माझ्या बुटांत होतं. मामा बोट बुडवून पाहायचे आणि पुन्हा कॅन भरायचे. असं महिनाभर चाललं. फिरायला येणाऱ्यांपैकी एका विद्यार्थ्याचे वडील थांबून फार आदरानं म्हणाले, "सर, दुधाचा धंदा सुरू केला का? आमच्याकडं पण घालत जा."

"लई आवळून धरता," मामा म्हणायचे. "म्हशीचं दावं धरल्यावानी. ती काय पळून जाती का? ढिलं सोडा. उभं राहा. गुडघे जरा वाकवा. आन् खड्ड्याकडं बघू नका. खड्ड्याकडं बघितलं की गाडी खड्ड्यातच जाती. तिला तुमचे डोळे दिसतेत."

मी पन्नाशीचा माणूस. गाडीवर उभं राहणं म्हणजे लोकांसमोर नाचायला सांगितल्यासारखं. पण श्रावणातल्या एका सकाळी, तलावावर धुकं होतं आणि पलीकडची वस्ती त्यात विरघळलेली होती, मी पायांवर उभा राहिलो आणि बाभळीच्याही पलीकडं, जिथं आभाळ नि पाणी एक झालं होतं, तिथं पाहत राहिलो. खाली गाडी काय करत होती ते मला ठाऊक नाही. ती जरा डावीकडं सरकायची, जरा उजवीकडं, झोपेत कूस बदलणाऱ्या लेकरासारखी, आणि आपोआप सरळ व्हायची. इंजिनाचा आवाज लांबून, दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा आल्यासारखा येत होता. वारा शर्टात शिरला होता. बगळ्यांची एक रांग पाण्याला न टेकता माझ्याबरोबर चालली होती. त्या वेळी मी कुणाचा सर नव्हतो, कुणाचा जावईही नव्हतो. किती वर्षांनी मी असं काही करतोय, हेही आठवेना. असं वाटलं की मी शाळेत मुलांना शिकवतो ती सगळी माती माझ्या पायाखालून हळूहळू वाहतेय आणि मला तिचं नाव सांगायची गरज नाही.

परत आल्यावर मामांनी कॅनमध्ये बोट बुडवलं. पाणी काठापासून चार बोटं खाली होतं. ते म्हणाले, "व्हय." एवढंच.

त्यानंतर मला ही वाट सगळीकडं दिसू लागली. नकाशा शिकवताना नद्यांच्या रेघांवरून माझं बोट जास्त वेळ फिरायचं. झोपेतही गाडी चालायची. एका पहाटे बायको म्हणाली, "अहो, पाय कशाला झाडताय? गिअर टाकताय का?"

मी चादर डोक्यावर ओढली.

"चालायला जाणाऱ्या माणसाच्या कोपराला चिखल लागतो होय? महिनाभर मी धुतेय तुमचे शर्ट. आणि कोपऱ्यावरच्या काकू विचारत होत्या, दूध कुठल्या भावानं देता म्हणून."

"मग तू आधी बोलली का नाहीस?"

"म्हटलं, शिकताय तर शिका."

पण 'मी बसेन' असं काही ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. विचारल्यावर 'नाही' असं उत्तर आलं असतं तर पुन्हा शिकायला माझ्याकडं दुसरा श्रावण नव्हता.

तिच्या गावच्या विहारात वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने, रोज ग्रंथवाचन चालतं आणि आश्विन पौर्णिमेला समापन होतं. त्या दिवशी साऱ्या गावाला खीर असते, आणि खिरीचं पातेलं बायकोच्या हातचं, हे लग्नाच्या आधीपासून ठरलेलं. यंदा समापनाच्या दोन दिवस आधी परतीचा पाऊस झाला. म्हणजे काळी माती तयार होती. आणि समापनाला बायका पांढऱ्या साड्या नेसतात.

फाट्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजले असतील. डांबर संपलं. मी गाडी थांबवली. ती उतरली. तिनं वेलची-काजूची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, वाटेकडं पाहिलं, साडीकडं पाहिलं. इस्त्री करून ठेवलेली, नवी, दुधासारखी पांढरी. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मेहुण्याचा आवाज मला ऐकू येत होता. "ताई, फाट्यावर आलात का? लई चिखल हाय. येऊ का मी?"

ती माझ्याकडं पाहत होती. मी मक्याच्या तुऱ्यांकडं पाहत होतो, कारण खड्ड्याकडं बघायचं नसतं.

"थांब जरा," ती फोनमध्ये म्हणाली, आणि फोन न ठेवताच मला म्हणाली, "तुम्ही आधी एकटे जाऊन दाखवा. त्या कडुलिंबापर्यंत. आणि परत या."

मी गेलो. उभा राहून गेलो. मागं वळून पाहायचा मोह झाला, आवरला. लिंबाला वळसा घातला आणि परत आलो. ती कमरेवर हात ठेवून उभी होती, तोंडी परीक्षा घेणाऱ्या बाई उभ्या असतात तशी.

"हे मघाशी असं मागचं चाक सरकलं ते?"

"सरकू द्यायचं असतं."

"कोण म्हणतं?"

"दूधवाले मामा."

तिनं फोन कानाला लावला. "नको येऊस," म्हणाली. "लागलं तर सांगते." मग साडी वर खोचली, एक पाय पलीकडं टाकून बसली आणि मागच्या लोखंडी दांडीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मला नव्हे, दांडीला. पिशवी माझ्या गळ्यात अडकवली होती.

आम्ही निघालो. ती मागं असल्यामुळं मला उभं राहता येत नव्हतं, म्हणून मी नुसताच ढिला बसलो, गुडघे गाडीला टेकवून. कपाशीची पिवळी फुलं सरकत होती. मातीचा ओला, जड वास होता. चाक एकदा सरकलं तेव्हा मागून श्वास रोखल्याचं मला पाठीला कळलं. मग तो सुटला. दुसऱ्यांदा सरकलं तेव्हा तिनं श्वास रोखला नाही. ओढ्यात पाणी पोटरीपर्यंत होतं. मी थांबून विचारलं, "उतरतेस?" ती म्हणाली, "पाण्यात उतरू? चला." आम्ही गेलो. पलीकडं चढावर गाडी घुरघुरली, रागावली आणि चढली.

विहारापुढं तिनं साडी खाली सोडली आणि काठ तपासला. तीन शिंतोडे. तिनं ते भावजयीला दाखवले. "बघ, तीनच," म्हणाली, आणि चुलीकडं गेली. कौतुकाचा तेवढाच शब्द मिळाला. मी तो दिवसभर खिरीबरोबर चघळला.

संध्याकाळी मेहुण्याच्या घरून निघायची वेळ झाली. पूर्वेला मक्यावर चंद्र उगवत होता, अजून पिवळा, कोवळा. मेहुण्यानं आपली गाडी अंगणात आणून ठेवली होती, ताईला सोडायला म्हणून. मी माझी गाडी सुरू केली आणि गेल्या वर्षभराच्या सवयीनं एकटाच निघायच्या तयारीनं बसलो. बायको दारात भावजयीशी बोलत होती, यंदा खीर जरा घट्टच झाली, पुढच्या वर्षी दूध जास्त घेऊ, आणि तांदूळ कुठून आणला होता. बोलत बोलत ती अंगणात आली. मेहुण्याच्या गाडीला वळसा घालून माझ्यामागं येऊन बसली, घरातल्या बाजेवर बसावं तशी, बसतेय याचा विचारही न करता.

आणि भावजयीला म्हणाली, "आता वेलचीचं सांग, जास्त नाही ना झाली?"

मी गाडी बंद केली. वेलचीवरून गोष्ट काजूवर गेली, काजूवरून कुणाच्या तरी सुनेवर. मेहुणा कंटाळून आपली गाडी परत गोठ्याकडं ढकलत घेऊन गेला. चंद्र मक्याच्या वर आला, पांढरा झाला, पांदणीतल्या चाकोऱ्यांत साचलेल्या पाण्यात दोन रेघांनी उतरला. आम्ही अजून निघालेलो नव्हतो, आणि मला कसलीही घाई नव्हती.