समितीपर्यंत न पोचलेलं पत्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, देवापुढे बसूनही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कॅनडातल्या विंडसरच्या या फ्लॅटमध्ये माझं ऐकणारं दुसरं आहे तरी कोण?

खिडकीतून नदी दिसते. पलीकडे डेट्रॉइट. तिथे मी अकरा वर्षं काढली. आमच्या मराठी घोळक्यात अमेरिकेत कायदा कसा होतो हे समजावून सांगण्याचा मक्ता माझ्याकडे होता. गणपतीची आरती झाली की प्रसादाची वाटी हातात घेऊन मी सुरू व्हायचे — संसदेची दोन सभागृहं, विधेयक आधी समितीकडे जातं, समितीच्या अध्यक्षानं ते चर्चेला घेतलंच नाही तर तिथेच पडून राहतं, आणि संसदेची दोन वर्षं संपली की पडून राहिलेलं सगळं रद्द. पुन्हा पहिल्यापासून. लोक माना डोलवायचे. मला ते फार आवडायचं.

माझी मैत्रीण सुनंदा मान डोलवायची नाही, वहीत लिहून घ्यायची. तिच्या घराचा जीवच त्यात अडकला होता. ग्रीन कार्डच्या रांगेत नवरा-बायकोचे केस पांढरे झाले होते, आणि मुलगी इरा एकवीस वर्षांची झाली की आईवडिलांच्या व्हिसावरून तिचं नाव उतरणार होतं. चार वर्षांची असताना आलेली पोर! अशा मुलांना राहू देणारं एक विधेयक समितीत अडकलं होतं, आणि त्या समितीवर माझ्या मतदारसंघाचा खासदार होता. माझ्या — सुनंदाच्या नाही. हद्द आमच्या दोघींच्या घरांमधल्या रस्त्यावरून जायची. तिथली खासदारांची ऑफिसं आधी तुमचा पत्ता विचारतात. मत देता येत नसलं तरी चालतं, पण राहायला तिथलेच हवेत.

म्हणून भेट मी मागितली. मिळाली — पंधरा मिनिटं, खासदाराच्या मदतनीस बाईंबरोबर. इरानं स्वतःच्या हातानं पत्र लिहून पाकिटात घातलं. मी निघाले तेव्हा सुनंदानं माझ्या हातावर दही ठेवलं. हसू नका. मीही तेव्हा हसले होते.

आता इथे मी अडखळते आहे. काय सांगायचं राहिलं? हे — की त्याच आठवड्यात मला कॅनडाचा पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, मिळाला होता. अर्ज गुपचूप केला होता. सुनंदाला पत्ता लागू दिला नव्हता.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि बसून राहिले. आत गेल्यावर विचारतील, इथेच राहणार ना? खरं सांगितलं तर भेट फुकट जाईल, खोटं सांगितलं आणि कुठे नोंद झाली तर — असं मी स्वतःला समजावलं. पण ते खरं होतं का? खरं याहून साधं होतं. माझी सुटका झाली होती. त्या रांगेशी आता माझा संबंध उरला नव्हता, आणि दुसऱ्याच्या मुलीसाठी अनोळखी खोलीत तोंड उघडायचा मला कंटाळा आला. हो, कंटाळा. पंधरा मिनिटं संपली तशी मी गाडी वळवली.

संध्याकाळी सुनंदाला सांगितलं, बाई फार भल्या होत्या, सगळं लिहून घेतलं. त्यांचा चष्मासुद्धा मी रचून सांगितला.

संसदेची मुदत संपली. विधेयक समितीतच गेलं. नाहीतरी ते जाणारच होतं — बहुतेक विधेयकं अशीच जातात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं आहे की आता त्याची मलाच शिसारी येते.

एकवीस पूर्ण झाली तशी इराला अमेरिका सोडावी लागली; आता ती इकडे कॅनडात, मिसिसागाला कॉलेजात शिकते. अमेरिकेनं तिला भेटीचा व्हिसाही नाकारला. आईवडिलांचे कागद नव्यानं व्हायचे आहेत. बाहेर पडले तर परत घेतील याची खात्री नाही. म्हणून महिन्यातून एका रविवारी ती बसनं विंडसरला येते आणि आम्ही नदीकाठी उभ्या राहतो. पलीकडे सुनंदा केशरी शाल हलवते. इतक्या लांबून चेहरा दिसत नाही, शालच दिसते. इरा फोनवर म्हणते, "आई, आय कॅन सी यू."

गेल्या रविवारी फोन ठेवल्यावर तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "मावशी, सगळे नुसते म्हणायचे, कॉल करू, मेल करू. यू वेअर द ओन्ली वन हू ॲक्चुअली वेंट."

मी काय केलं? तिची टोपी कानांवर ओढली. म्हणाले, वारा बोचतोय, चल, भात लावते.

तिनं दोनदा भात घेतला. ती बसते त्या खुर्चीमागच्या कपाटात, खालच्या खणात, तिचं पाकीट आहे. अजून बंद.