भिजवलेली दोरी

सून माझ्या टाचेला मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळते. त्या कडवट वासासरशी माहेरच्या कामठा गावची भाताची रोवणी आठवते आणि माझ्या काकांची किळस येते.

स्वराज्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. पायांना हेच तेल चोळून आमच्या रोवणीवर येणारी म्हातारी भागाबाई त्या दिवशी चिखलात वाकेना. शेताच्या धुऱ्यावर माझ्या शेजारी छत्री धरून बसलेले काका स्वतःला वैद्य समजत. अंबाडीची जुनी, ताठ झालेली दोरी तळ्यात भिजवली की मऊ पडते, तशाच माणसाच्या शिरा, एवढंच त्यांचं ज्ञान.

"दिवसभर पाण्यात उभी राह्य, भागा. आपोआप वाकशील."

"दोरीले जीव नसते जी, मले हाये."

तरी तिला उभं ठेवलंच. दुपारी रुतलेला पाय उपसताना तिच्या टाचेमागची शीर तुटली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. ती चिखलात बसली.

"कमी भिजली," काका म्हणाले. असा तो शहाणा!

आता माझी शीरही ताठली आहे. सून कोमट पाण्याची बादली आणते, मी ती दूर सारते.

"काऊन जी, आई?"

काय सांगू तिला? काकांच्या त्या 'कमी भिजली'वर सगळ्यांत आधी मी हसले होते.