पाचवी 'ब'ची फरशी

कमलाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चेन्नईच्या वेलचेरीत शेअर ऑटोत बसले होते. त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन होता. "अक्का गेली…" एवढंच बोलली. रडू नंतर आलं, आधी राग आला. आज महिना उलटला तरी तो जात नाही.

कमलाबाई तंजावरच्या मराठी. नवऱ्याच्या नोकरीपायी मी साताऱ्याहून चेन्नईला आले, अड्यारच्या एका शाळेत हिंदी शिकवायला लागले, तेव्हा स्टाफरूममध्ये मला पहिलं मराठी ऐकू आलं ते त्यांचं. जुन्या वळणाचं, तमिळ हेल काढलेलं. "तुज भूक लागली काय? ये, दहीभात आहे." मी हसले, तर म्हणाल्या, "हस गं, परवाइल्ले, चालतं. आमचं मराठी तुमच्या आजीपेक्षा म्हातारं आहे." त्या दिवसापासून आमचा डबा एकत्र.

त्याच वर्षी त्यांच्या पाचवी 'ब'मध्ये मिन्जी आली. शहराबाहेरच्या मोटारींच्या कारखान्यात तिचे वडील कोरियाहून बदलून आले होते. पोरीला ना तमिळ येत होतं, ना धड इंग्रजी. शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायची. शाळा सुटल्याची घंटा झाली, की बाह्या वर सारून कोपऱ्यातला झाडू घ्यायची आणि वर्ग झाडायची! मग दप्तरातून फडकं काढून बाकं पुसायची. तिच्या देशात शाळा मुलंच झाडतात, तिला वाटलं इथंही तसंच. सगळ्यांसारखं वागायचा आटापिटा करणारी पोर, आणि नेमकी तिथंच चुकली. दुसऱ्या दिवसापासून वर्गानं तिला 'आया' म्हणायला सुरुवात केली. तिच्याशेजारी कुणी बसेना, तिच्या डब्याला कुणी हात लावेना. दहा वर्षांच्या पोरांना हे कुणी शिकवलं? घरूनच घेऊन आली होती ती!

शाळेची आया सेल्वी वेगळीच घाबरली. पोरंच झाडायला लागली तर आपली नोकरी जाईल, म्हणून ती मिन्जीच्या हातातून झाडू हिसकावून घ्यायची. कमलाबाईंनी आधी तिला शेजारी बसवून समजावलं, तुझ्या कामाला धक्का लागणार नाही म्हणून. मग वर्गाला सांगितलं, शेवटची पाच मिनिटं सगळ्यांनी झाडायचं. आणि स्वतः पदर खोचून फरशीवर बसल्या. गुडघेदुखी होती हो त्यांना! फडकं कसं पिळायचं हे मिन्जी पोरांना हातवारे करून दाखवायची. एका पोरानं स्वतःच्याच पायांवर बादली सांडली, तेव्हा ती पहिल्यांदा खळखळून हसली. आठवड्याभरात ती मधल्या बाकावर आली, डब्यात चार हात पडायला लागले. तिला आणखी काय हवं होतं?

पण पालकांची वरात आली. "आम्ही फी भरतो ती मुलांनी केर काढावा म्हणून? आमच्या घरात मुलं झाडूला शिवत नाहीत." हेडमिस्ट्रेसबाईंनी झाडणं तिथल्या तिथे बंद केलं. मिन्जीच्या आईला बोलावलं. ती बिचारी कमरेत वाकून वाकून माफी मागत होती. माफी कसली मागायची त्यात, जळलं मेलं! कमलाबाई एवढंच म्हणाल्या, "मग ती पोर पुन्हा एकटी पडेल. तीस जवळ कोण घेईल?" मिन्जी परत शेवटच्या बाकावर गेली आणि वर्ष संपायच्या आत आईवडिलांनी तिला शाळेतून काढून नेलं. जूनमध्ये कमलाबाईंना वर्गच दिला नाही. इतकी वर्षं शिकवलेल्या बाईला लायब्ररीत पुस्तकांना कव्हरं घालायला बसवलं. मी ऑफिसात जाऊन भांडले, तर मला सांगण्यात आलं की तुम्ही नव्या आहात. त्या मात्र मला दर थोड्या दिवसांनी विचारायच्या, "त्या पोरीस नव्या शाळेत कोणी मैत्रीण मिळाली असेल काय गं?"

शोकसभा पाचवी 'ब'च्या त्याच वर्गात झाली. हेडमिस्ट्रेसबाई डोळे टिपत म्हणाल्या, "त्यांनी आमच्या मुलांना श्रमाची प्रतिष्ठा शिकवली." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच! मी उभी राहिले. म्हटलं, "मग तुम्ही त्यांचा वर्ग का काढून घेतलात?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाई शांतपणे म्हणाल्या, "ही ती वेळ नव्हे." जिवंतपणी नव्हती, मेल्यावरही नाही… मग कधी असते ही वेळ?

सभा संपली. फोटोला वाहिलेल्या फुलांच्या पाकळ्या फरशीभर पडल्या होत्या, येणारे-जाणारे त्या तुडवत होते. हेडमिस्ट्रेसबाईंनी साडी जरा वर उचलली, दाराशी गेल्या आणि हाक मारली, "सेल्वी! जरा झाडून घे."

मी खाली बसले. एकेक पाकळी वेचून ओंजळीत घेत राहिले. माझ्या भोवतीनं पायच पाय गेले, वाकलं कुणीच नाही.