दगूबाईंचे तीस धडे

मार्चचा दुसरा शनिवार, सकाळचे दहा. दगूबाईंना द्यायची ठरलेली रक्कम पंधरा हजार: तीस धडे, धड्याला पाचशे. हजर तिघे: माझी मुलगी प्राची, तिच्या सासूबाई दगूबाई आणि हिशेबाची वही घेऊन मी. जागा, नाशिकला प्राचीच्या घरातली मागची खोली. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीला गोधडी लावलेली.

ज्या भाषांचे वर्ग कुठे भरत नाहीत, त्यांचे ऑनलाइन धडे तयार करणं हे प्राचीचं काम. या खेपेला अहिराणी होती. बागलाणातल्या आरोग्य केंद्रांवर परगावच्या नर्स नव्याने गेल्या होत्या आणि समोरचा माणूस काय सांगतो ते त्यांना कळत नव्हतं. एप्रिलअखेर तीसही धडे पोहोचले नाहीत, तर प्राचीची संस्था अहिराणी सोडून पुढच्या भाषेला लागणार होती. दिवसाला पाच धडे, म्हणजे सहा दिवस, असं मी वहीत मांडलं. दगूबाई त्यासाठीच सटाण्याजवळच्या गावाहून आल्या होत्या. शाळा दुसरीपर्यंत, आवाज खणखणीत.

पहिल्या धड्याचं पहिलं वाक्य होतं, माझं नाव सुनीता आहे. दगूबाईंनी माइक बाजूला सारला. प्राचीला वाटलं, माइकला बुजल्या.

"मनं नाव सुनीता नही शे," त्या म्हणाल्या. "जे नही शे, ते मी कसं बोलू, पोरी?"

नाव बदलून दिलं. पुढे 'पाऊस पडतो आहे' आलं. त्यांनी गोधडी बाजूला करून बाहेरचं कडक ऊन पाहिलं आणि मान हलवली. 'माझा मुलगा आजारी आहे' या वाक्याला तर त्या पाटावरून उठल्याच. मुलगा एकुलता एक, म्हणजे प्राचीचा नवरा. संध्याकाळी वहीत एक धडा जमा झाला. या वेगाने किती दिवस लागतील ते मी प्राचीला सांगितलं, आणि थोडं चिडूनच सांगितलं. दगूबाईंनी आतून ऐकलं. "याही भाकरीबी मोजीसन खातस," असं त्या सुनेला म्हणाल्या, याही म्हणजे व्याह्याला, मला, ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी प्राचीने लिहून आणलेले कागद कपाटात ठेवले आणि माइक स्वयंपाकघरात नेला. दगूबाई कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापत बोलत होत्या. तो झाला स्वयंपाकाचा धडा. बाजारात त्यांनी कांदेवाल्याशी घासाघीस केली, तो खरेदीचा. शेजारीण आली, तिला बसवून पाणी दिलं, तो पाहुणचाराचा. एप्रिलात अवकाळी आला तेव्हा त्या गच्चीवरच्या कुरडया गोळा करायला ओरडत धावल्या आणि प्राची फोन घेऊन त्यांच्या मागे. दीड महिना मी नोंदी ठेवत, ऐकत राहिलो. हिशेबनीस म्हणून आयुष्यात इतकी बिलं तपासली, पण जिथे एकही खोटं वाक्य नाही असा कागद मी पाहिला नव्हता.

शेवटच्या आठवड्यात एकोणतीस धडे झाले होते. राहिला होता दवाखान्याचा, म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप तोच. घरात कुणी आजारी नव्हतं आणि आजाराचं सोंग दगूबाई करू देत नव्हत्या. प्राची रडकुंडीला आली. तेव्हा मी म्हणालो, मी बसतो समोर, माझं दुखतंय असं धरा.

"नाटक चालाव नही, याही."

मी म्हणालो, नाटक नाही.

त्यांनी पाट माझ्यासमोर ओढला. मग प्राचीला माइक चालू करायला सांगितला.

"कोठे दुखस?"

"छातीमा," मी म्हणालो. "जिना चढतांना." अहिराणी माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघत होती, ऐकून ऐकून अंगात मुरली होती, हे मलाही ठाऊक नव्हतं.

"कव्हयपाईन?"

"दोन महिना व्हई ग्यात."

"घरमा कोनले सांगं?"

"कोनलेच नही."

प्राची माइकसकट माझ्याकडे सरकली. रेकॉर्डिंगमध्ये ती खरखर अजून आहे. दगूबाईंनी माझ्या मांडीवरच्या वहीवर बोट ठेवलं.

"तुम्ही समदं लिखतस. हाई कोठे लिखं?"

मी वही मिटली. धडा तिथेच संपतो. प्राचीने दुसऱ्यांदा रेकॉर्ड केला नाही.

त्याच दुपारी मला दवाखान्यात नेलं. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली निघाली आणि तीन दिवसांनी त्यावर उपाय झाला. धडे मुदतीत पोहोचले. दवाखान्याचा धडा नर्सना सगळ्यात उपयोगी पडतो, असं प्राची सांगते. त्या माणसाचं पुढे काय झालं, हेही त्या विचारतात म्हणे.

मे महिन्यात मी बरा होऊन पुन्हा वही उघडली. पंधरा हजारांची पावती दगूबाईंपुढे ठेवली. त्यांनी ती सुनेकडून वाचून घेतली आणि परत केली. पावती खरी नव्हती.

"त्या धडामा अर्धं बोलनं तुमनं शे."

मी पुष्कळ समजावलं. त्या सही करीनात. शेवटी पावती बदलली. दगूबाई यांस चौदा हजार सातशे पन्नास. मला अडीचशे.