न चाळलेलं खत

नगरपंचायतीच्या कचरा डेपोवर मी मुकादम होतो. बाजारातली सडकी भाजी, हॉटेलांतलं उष्टं, माशांची डोकी, सगळं कुजवून आम्ही खत करायचो. खत चांगलं व्हायचं, पण वाडीत कुणी घेईना. शेवटी वहिनी तयार झाली, तीही दिराचं मन मोडू नये म्हणून.

"भावजी, शेराची घाण माझ्या शेतात घालतास हां!"

"एकदा घालून तर बघा, वयनी."

त्या वर्षी पाऊस लवकर आला आणि खत भिजलं. ओलं खत चाळणीतून पडत नाही, त्याचे गोळे होतात. वाळवायला दोन दिवस हवे होते. वहिनीच्या शेतात नांगर खोळंबला होता. मी न चाळताच पोती भरून दिली.

भातलावणीच्या दिवशी चिखलात वहिनीची टाच चिरली. काच मीच काढली. लोणच्याच्या बरणीचा काठ होता. तसले तुकडे रोज माझ्या चाळणीवर राहायचे. मी तो खिशात घातला.

शेजारच्या खाचरातला माझा मित्र कधीमधी बांधावर बसून पीत असे. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"माका कित्याक बघतास? माझी बाटली घराक जाता परत."

कुणी हसलं नाही. मी गप्प राहिलो.

आमच्याकडे लावणीला एकमेकांच्या शेतात जातात. पुढच्या वर्षी त्याच्या शेतात कुणी उतरलं नाही. मीही नाही. दोघं नवरा-बायको पावसात वाकलेली मला माझ्या बांधावरून दिसत होती. निम्मं खाचर तसंच राहिलं. नंतर ती दोघं मुलीकडे कणकवलीला राहायला गेली.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात एसटीने त्याच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "मी टाकूक नाय, ह्या माका ठावक आसा. माका कित्याक सांगतस? वाडीत जावन सांग."

माझी बायको वारल्यापासून दुपारचं जेवण मी वहिनीकडे करायचो. पहिलं तिलाच सांगितलं. ती अजून त्या पायाने लंगडते.

"इतकी वर्सा गप ऱ्हवलास, भावजी?" एवढंच बोलली आणि आत गेली. मला पान वाढलं नाही. त्यानंतर मीही गेलेलो नाही.

मग घरोघरी फिरलो. कुणी "जाऊ दे आता" म्हणालं, कुणी नुसतं ऐकून घेतलं. निम्म्या दारांना कुलपं आहेत. त्या लावणीला हजर असलेले काही जण आता मुंबईत असतात. त्यांच्यापर्यंत पोचावं म्हणून लिहितो आहे. ती काच त्याची नव्हती, माझ्या खतातली होती.