आत्याच्या खोलीचं छत

माझ्या आजोबांनी सख्ख्या बहिणीला बैलगाडीत घालून कायमचं सोडून यायला नेलं होतं.

आमच्या घरात हे कोणी बोलत नाही. मी आज लिहितोय, कारण आज कौसाआत्याला जाऊन बारा वर्षं झाली.

कौसाआत्या म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. अख्खं देऊळघाट गाव तिला आत्याच म्हणायचं.

सहा वर्षांची असताना मोठा ताप आला आणि दोन्ही पाय गेले. त्यानंतर आयुष्यभर ती हातांवर सरकत फिरली.

विदर्भ सीपी-बेरार प्रांतात होता, तो काळ. आई-वडील वारलेले, आजोबांचं नुकतंच लग्न झालेलं, घर एका खोलीचं. आजोबांनी ठरवलं, हिला साखरखेर्ड्याला चुलतमामाकडे ठेवायची.

"तिथं दोन घास भेटतीन तुले."

"घास भेटतीन, पन मामी मले गोठ्यात झोपवते. मी जात नाही. मांगची जागा दे, मी माही खोली बांधीन."

आजोबा हसले नाहीत. म्हणाले, "अखाजीपर्यंत छत झालं तं राह्य. नाही तं गाडी जुंपतो."

अखाजी म्हणजे अक्षय तृतीया. हातात जेमतेम तीन महिने.

आजोबा पहाटे माती आणि पाणी आणून टाकायचे आणि शेतात जायचे. पुढचं सगळं आत्याचं.

पांढऱ्या मातीत भुसा घालून लोक पायांनी तुडवतात. आत्या हातांनी आणि कोपरांनी तुडवायची. कोपरं सोलून निघाली.

शेजारचे हुसेनचाचा मातीच्या भिंती घालणारे जुने मिस्त्री. दम्याने थकलेले, पण रोज दुपारी येऊन बसायचे.

"बेटी, दिवसाले एकच थर. वल्ल्या भिंतीवर घाई करशीन तं दगा देते."

भिंत छातीपर्यंत आली आणि काम अडलं. बसून हात पोचेना.

दोन दिवस ती नुसती भिंतीकडे पाहत बसली. मग तिने छतावर टाकायची सगळी माती आजोबांना आधीच खोलीच्या मधोमध ओतायला लावली. ढीग झाला. त्यावर सरकत चढून ती पुढचे थर घालू लागली. भिंत वाढली की ढीगही वाढवायचा. छताच्या वेळी तीच माती वर चढवायची.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. मला हे सुचलं नसतं.

पण दिवस संपत चालले होते. तिला झोप लागेना. एका आठवड्यात तिने चाचांना न सांगता दिवसाला दोन-दोन थर घातले.

आणि एका सकाळी मागच्या कोपऱ्यात भेग दिसली. केसाएवढी.

तिने भेगेवर ओल्या मातीची टिकली आडवी लावली. टिकली शाबूत राहिली तर भिंत थांबली. तुटली तर भिंत अजून सरकतेय.

दुसऱ्या दिवशी टिकली शाबूत होती.

तिसऱ्या दिवशी मधोमध तुटलेली.

वरून शेणामातीचा हात फिरवला असता तर कोणाला काही दिसलं नसतं. तो विचार तिच्या मनात दिवसभर होता, हे तिनेच मला सांगितलं.

संध्याकाळी आजोबा आले, तर अख्खा कोपरा जमिनीवर. आत्याने स्वतः पहारीने पाडलेला.

"काय झालं?"

"चुकलं."

आजोबांना वाटलं, हिच्याने होत नाही. ते वळले आणि गाडीच्या चाकांना तेल द्यायला लागले. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

अखाजी आली. कोपरा अर्धाच झाला होता. सण झाला आणि दुसऱ्या सकाळी गाडी जुंपली.

आजोबांनी तिला उचलून गाडीत ठेवलं. ती रडली नाही, भांडली नाही. शब्द तिचाही होता.

चिखलीच्या वाटेवर आजोबांनी मागे न बघता विचारलं, "कोपरा काऊन पाडला होता तुनं?"

"भेग होती. लिपली असती तं तुले दिसली नसती. अन् छतही येळेवर झालं असतं."

"मंग?"

"छतावर माती तुडवाले तूच चढला असता ना, दादा."

गाडी तशीच चालत राहिली. आत्याला वाटलं, संपलं.

पुढे नाल्यावर आजोबांनी बैल सोडले, पाणी पाजलं. मग बैल जुंपले आणि गाडी देऊळघाटकडे वळवली.



मिरगाच्या पावसाच्या चार दिवस आधी छत घातलं. आडवी लाकडं, त्यावर तुऱ्हाट्या म्हणजे तुरीच्या काड्या, त्यावर ती ढिगाची माती. वर सहा माणसं तुडवत होती, त्यात आजोबा. लाकडं करकरत होती.

आणि आत्या खाली, खोलीच्या मधोमध बसलेली. मान वर. डोळ्यांत माती पडतेय.

हुसेनचाचा दारातून ओरडले, "बाहीर ये बेटी! एवढा भरोसा नको ठेवू मातीवर!"

"भरोसा नाही हो चाचा. भेव लागून राह्यलं, म्हनूनच बसली. पडलं तं मले आधी समजन."

चाचा खोकत आत आले आणि तिच्या शेजारी बसले.

छत पडलं नाही.

त्या पावसाळ्यात एका जागी गळलं, पण भिंत जागची हलली नाही. पुढे साठ-पासष्ट वर्षं आत्या त्याच खोलीत राहिली. गावातल्या बायका भिंत घालायच्या आधी तिला माती दाखवायला आणायच्या. ती चिमूटभर माती जिभेवर ठेवून सांगायची, चालते की नाही.

शेवटी शेवटी मी बुलढाण्याला माझ्या फ्लॅटवर चल म्हणालो, तर म्हणाली, "चवथ्या मजल्यावर? त्या लिफ्टचं मले टेन्शन येते बाप्पा."

गेली ती सकाळी, आपल्याच खोलीत. मी कामासाठी नागपूरला होतो; फोन आला तसा निघालो. शेवटच्या दर्शनाला पोचलो नाही.

आत्या, तू जिवंतपणी कोणाला पायाला हात लावू दिला नाहीस. "काय ठेवलं त्या पायात" म्हणायचीस.

आज तुझं ऐकत नाही. नमस्कार करतो.